रानात सोडलेले मळीचे पाणी आणि वस्तीची विहीर



गेल्या उन्हाळ्यात आम्ही सोलापूर जिल्ह्यातल्या एका वस्तीवर बीपी आणि शुगर तपासायला गेलो होतो. विहारात सतरंजी टाकून बसलो. तपासणी झाल्यावर एका आजींना आम्ही सहज म्हणालो, आता चहा पाजा. आजी म्हणाल्या, "लेकरांनो, पाणीच च्यावाणी येतंय, वर पत्ती कशाला टाकू?" सगळे हसले. मग त्यांनी हातपंपाचे पाणी तांब्यात आणून समोर ठेवले. रंग बिनदुधाच्या चहाचा, वास काकवीसारखा पण कुजका. त्यावर कुणी हसले नाही.

वस्तीच्या वरच्या अंगाला एक पडीक रान आहे. तिथे दोन महिने रात्री टँकर येऊन रिकामे होत होते. रान कुणाचे, टँकर कुठला, हे वस्तीत सगळ्यांना माहीत होते. खत आहे, रानाला चांगले, असे सांगितले गेले होते. बायाबापड्या ते पाणी उकळून पीत होत्या. आम्ही विचारले, उकळून का? तर उत्तर आले, तुम्हीच सांगता ना दरवेळी.

खरे आहे. या पानावरून आणि शिबिरांतून आम्ही वर्षानुवर्षे सांगत आलो की पावसाळ्यात पाणी उकळून प्या. जंतूंसाठी तो सल्ला आजही बरोबर आहे. पण कारखान्याचे सांडपाणी मुरलेल्या विहिरीला तो पुरत नाही, आणि एका बाबतीत तर नुकसान करतो. हे आम्ही आधी कधी नीट सांगितले नव्हते. म्हणून या महिन्याचे आरोग्य पान या विषयाला दिले आहे.

हे पाणी येते कुठून

उसाच्या रसातून साखर काढून घेतली की मागे दाट काळी मळी उरते. ती मळी डिस्टिलरीत आंबवतात आणि तिच्यातून अल्कोहोल काढतात. पेट्रोलमध्ये इथेनॉल मिसळायचे प्रमाण वाढत गेले तसे साखरपट्ट्यात डिस्टिलऱ्याही वाढल्या. एक लिटर अल्कोहोल काढले की साधारण आठ ते पंधरा लिटर गरम, आंबट, तपकिरी पाणी मागे उरते. कारखान्यात त्याला स्पेंटवॉश म्हणतात, गावात मळीचे पाणी म्हणतात. आपणही तेच नाव वापरू.

या पाण्यात सेंद्रिय पदार्थ भरपूर असतात आणि पालाशही बराच असतो. खत आहे हे बोलणे त्यामुळे सगळे खोटे नाही. प्रक्रिया करून, पातळ करून, मोजून दिले तर पिकाला उपयोग होतो. अडचण 'मोजून' या शब्दात आहे.

पाण्याची घाण किती, हे मोजायला बीओडी नावाचे माप आहे. पाण्यातली घाण जंतू खातात, आणि खाताना पाण्यातला प्राणवायू वापरतात. किती प्राणवायू लागेल, त्यावरून घाणीचा अंदाज येतो. घरगुती गटाराच्या पाण्याचा बीओडी लिटरमागे २०० ते ३०० मिलिग्रॅम असतो. कच्च्या मळीच्या पाण्याचा ४० हजारांच्या आसपास, कधी त्याहूनही वर. म्हणजे गटाराच्या दीडशेपट. चांगल्या विहिरीच्या एक लिटर पाण्यात प्राणवायू असतो जेमतेम सात-आठ मिलिग्रॅम. हिशेब करून पाहा: एक तांब्याभर मळीचे पाणी पाच हजार लिटर स्वच्छ पाण्यातला सगळा प्राणवायू संपवू शकते. कृष्णा आणि पंचगंगेत मासे तरंगत वर आल्याच्या बातम्या आपण वाचतो, त्यामागे मुख्यतः हेच असते. मासे विषाने मरतातच असे नाही, ते गुदमरून मरतात.

डिस्टिलरीने हे पाणी नदीनाल्यात सोडायचे नाही, सगळ्याची विल्हेवाट स्वतः लावायची, असे केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या २००३ च्या आराखड्यात ठरले. त्याचे मार्गही आहेत. आधी बायोगॅस काढायचा, मग प्रेसमडमध्ये मिसळून कंपोस्ट करायचे, किंवा आटवून बॉयलरमध्ये जाळायचे. या सगळ्याला यंत्र लागते, जागा लागते, पैसा लागतो. टँकर भरून रात्री एखाद्या रानात सोडायला फक्त डिझेल लागते. जमिनीवर सोडायच्या सांडपाण्याचा बीओडी १०० च्या वर नसावा असा पर्यावरण नियमांत दंडक आहे. ४० हजार कुठे आणि १०० कुठे, हे सांगायला तज्ज्ञ नको.

रानात सोडलेले पाणी वस्तीत कसे येते

हा भाग नीट समजून घ्या, कारण पुढे तक्रार करताना समोरचा माणूस हेच म्हणणार आहे की पाणी तर रानात मुरले, तुमच्या विहिरीशी त्याचा काय संबंध.

एक एकर म्हणजे ४० गुंठे. दहा हजार लिटरचा टँकर फवारा लावून एकरभर रानावर सारखा फिरवला, तर जमिनीवर जेमतेम अडीच मिलिमीटरचा थर बसतो. हलका शिडकावाच म्हणा. पण रात्रीच्या वेळी असा फवारा कोण फिरवत बसतो? टँकर बांधाला लावायचा, पाइप सोडायचा, दहा मिनिटांत रिकामा करून निघायचे. ते पाणी दोन गुंठ्यांत पसरले तर थर होतो पन्नास मिलिमीटरचा. म्हणजे एका जागी दहा मिनिटांत दोन इंच पाऊस. ओली झालेली काळी चिकण जमीन तासाला पाच मिलिमीटर पाणी पिते, तेही जास्तीत जास्त. उरलेले पाणी थांबणार कुठे? ते उताराने निघते.

साखर कारखान्यांचे प्रक्रिया केलेले सांडपाणी शेतीला किती द्यावे, याचे प्रमाण केंद्राने मातीनुसार ठरवून दिले आहे. वाळूच्या जमिनीला दिवसाला हेक्टरी सव्वादोन लाख लिटरच्या पुढे चालते, पण चिकण मातीला फक्त ३५ ते ५५ हजार लिटर. त्या हिशेबाने दहा हजार लिटरचा एक टँकर काळ्या रानात रिकामा करायचा, तर किमान १८ ते २८ गुंठे जागा हवी. आणि हे प्रमाण स्वच्छ केलेल्या पाण्याचे आहे, मळीच्या कच्च्या पाण्याचे नव्हे. तुमच्या वरच्या रानात एका रात्रीत किती टँकर येतात ते मोजा, रान किती गुंठे आहे ते विचारा, आणि हा हिशेब स्वतः मांडा. चौथी-पाचवीतल्या पोरालाही तो जमेल.

काळ्या रानाची आणखी एक गोष्ट शेतात राबणाऱ्यांना सांगायला नको. उन्हाळ्यात त्याला हात-हात भेगा पडतात. अशा रानात टँकर सोडला की पाणी मातीत मुरत नाही, भेगांतून सरळ खालच्या मुरमात उतरते. मुरूम आणि फुटका खडक यांतून पाणी चाळणीतून गेल्यासारखे जाते. आपले आड, विहिरी आणि उथळ हातपंप याच थरातून पाणी घेतात. म्हणजे उन्हाळ्यात मार्ग जमिनीखालून, आणि पावसाळ्यात भेगा मिटल्या की मार्ग जमिनीवरून. वळवाचा पहिला जोरदार पाऊस झाला की रानावर साकळलेली सगळी घाण ओढ्याला येते. पुन्हा पुन्हा सोडत गेले तर मातीची छिद्रे बुजतात, वर पापुद्रा धरतो, क्षार साठतात, रान चोपण होते. मग पुढच्या वर्षी ते रान आणखी कमी पाणी पिते आणि आणखी जास्त पाणी खाली पाठवते. वाफसा येत नाही म्हणून रानाचा मालकही डोक्याला हात लावतो, पण तोवर दोन हंगाम गेलेले असतात.

आता प्रश्न असा, की हे पाणी नेमके आपल्याच वस्तीत का येते? याला कुठले गूढ नाही. गावकुसाबाहेरची वस्ती कुठे असावी हे आपल्या आजोबा-पणजोबांनी ठरवलेले नव्हते. गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठी, नापीक तुकड्यावर जागा मिळाली. पाणी उताराने जाते, आणि उताराच्या टोकाला आपण आहोत. १९२७ साली महाडला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी ओंजळीत घेतले, तेव्हा तळे बाटले म्हणून पुढे त्याचे शुद्धीकरण केले गेले. आज आपल्या विहिरीत काय काय उतरते आहे त्याचे शुद्धीकरण मात्र कुणाला सुचत नाही. असो. बुद्धांनी आपल्याला कारण शोधायला शिकवले. दुखणे आले की आधी त्याचे कारण पाहायचे, नशीब नव्हे, देवीचा कोप नव्हे. या दुखण्याचे कारण रानाच्या बांधावर उभे राहिले तर दिसते.

उकळून का चालत नाही

पाणी उकळले की जंतू मरतात. पण क्षार, नायट्रेट, लोह, मँगनीज हे मरण्यासारखे काही नाही. वाफ उडून जाते, ते भांड्यात राहतात. म्हणून पाणी जितके आटेल तितके त्यांचे प्रमाण वाढते. तुरटी फिरवल्याने गढूळपणा खाली बसतो, हे विरघळलेले घटक बसत नाहीत. कापडाने गाळूनही काही होत नाही.

यातल्या नायट्रेटपासून सर्वांत जास्त धोका सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला आहे. पिण्याच्या पाण्यात नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या वर नसावे असे भारतीय मानक आहे. त्याहून बरेच जास्त असलेल्या पाण्यात दुधाची पावडर कालवून तान्ह्या बाळाला पाजली, तर बाळाच्या रक्ताची प्राणवायू वाहण्याची ताकद कमी होते. बाळ सुस्त होते, ओठ, जीभ आणि नखे निळसर-राखाडी दिसू लागतात. आपल्या लेकरांचा रंग सावळा, तेव्हा अंगाचा रंग पाहून कळणार नाही, ओठांच्या आतली बाजू आणि नखे पाहा. असे दिसले तर घरगुती उपाय करत बसू नका, तडक दवाखाना गाठा आणि डॉक्टरांना बाळाला कुठले पाणी पाजले ते आठवणीने सांगा. पहिले सहा महिने फक्त आईचे दूध, वरचे पाणी नाही, घुट्टी नाही, हा नियम पाळणाऱ्या घरात हा धोका जवळपास येतच नाही. नायट्रेट फक्त मळीच्या पाण्यातून येते असेही नाही. युरिया, उकिरडा आणि विहिरीजवळचे संडासाचे शोषखड्डे यांतूनही येते. म्हणून तपासणी महत्त्वाची.

लोह आणि मँगनीज यांची गंमत वेगळी आहे. ते कारखान्यातूनच आले पाहिजेत असे नाही, ते आपल्या मातीत आणि खडकात आधीच असतात. जमिनीतला प्राणवायू संपला की ते सुटून पाण्यात येतात. हंडा भरताना पाणी नितळ दिसते, तासा-दोन तासांनी तांबूस होते, हंड्याच्या काठाला काळपट-तपकिरी डाग धरतात, भात पिवळट होतो. मँगनीज फार झाले तर वाढत्या मुलांच्या मेंदूला ते चांगले नाही. क्षार आणि सल्फेट वाढले की पाणी मचूळ लागते, पोट ढिले होते. बीपीच्या आणि किडनीच्या रुग्णांनी असे पाणी पिऊच नये.

मग टीसीएल पावडर टाकली तर? इथे एक मोठा घोटाळा होतो, आणि तो ग्रामपंचायतीच्या माणसालाही अनेकदा माहीत नसतो. विहिरीत टाकलेले क्लोरीन आधी पाण्यातली सेंद्रिय घाण जाळण्यात खर्ची पडते. मळीचे पाणी मिसळलेल्या विहिरीत नेहमीच्या मापाने टीसीएल टाकले, तर सगळे क्लोरीन त्या घाणीतच संपते आणि जंतूंसाठी काही उरत नाही. म्हणजे पावडर टाकल्याची नोंद वहीत होते आणि वस्तीत कावीळ, जुलाब, टायफॉइड चालूच राहतात. ओटी टेस्ट करून बघा. पाण्यात औषधाचे थेंब टाकले की पिवळा रंग आला पाहिजे, नळाशी क्लोरीन लिटरला किमान ०.२ मिलिग्रॅम उरले पाहिजे. मात्र पाणीच मुळात तपकिरी असेल तर पिवळा रंग ओळखू येत नाही, हेही टेस्ट करणाऱ्याला सांगा.

काही घरांनी आरओ मशीन घेतले आहे. आरओने क्षार आणि नायट्रेट बऱ्यापैकी कमी होतात, हे खरे. पण असे रंगीत पाणी थेट मशीनला लावले तर फिल्टर आणि मेम्ब्रेन लवकर तुंबतात. मग माणूस दुरुस्तीचा खर्च टाळतो आणि नावापुरत्या मशीनचे पाणी पीत राहतो. मोलमजुरीच्या घरात हप्त्यावर मशीन घेण्याआधी पाणी तपासून घ्या.

विहीर पूर्ण उपसून टाकली की झाले, असे काही ठिकाणी सांगतात. उपसा जरूर करा, पण भोवतालच्या मुरमातले पाणी पुन्हा येतच राहते. वरून येणे बंद झाल्याशिवाय विहीर सुधारत नाही, आणि बंद झाल्यावरही एखादा पावसाळा जाऊ द्यावा लागतो.

विहिरीखेरीज आणखी काय

पिण्याचे पाणी गेले की वस्तीत टँकर येतो, टँकर आला की घरोघरी पिंपे भरून ठेवली जातात. पिंपातल्या स्वच्छ पाण्यात डेंग्यूचा डास अंडी घालतो. डबक्यातल्या घाण पाण्यात दुसऱ्या जातीचे डास होतात. म्हणजे वरच्या रानातल्या सांडपाण्याने खाली डेंग्यू वाढू शकतो, ही साखळी डॉक्टरांच्याही चटकन लक्षात येत नाही. आठवड्यात एक कोरडा दिवस ठरवा. त्या दिवशी पिंप रिकामे करून घासायचे, उन्हात पालथे ठेवायचे, आणि भरल्यावर कापड बांधायचे.

खुरपणीला, ऊस लागवडीला, बांध धरायला त्याच रानात आपल्या बायका जातात. कच्चे मळीचे पाणी आंबट असते. ओल्या रानात अनवाणी उभे राहिले की पायाला खाज सुटते, बोटांच्या बेचक्यात चिरा पडतात. मधुमेह असेल तर ती चीर साधी समजू नका. गमबूट मागून घ्या, मिळत नसतील तर निदान तेवढे रान चार दिवस टाळा, आणि घरी आल्यावर चांगल्या पाण्याने पाय धुऊन कोरडे करा. शेळ्या त्या डबक्यांवर सोडू नका.

एक गोष्ट मात्र जिवाशी गाठ आहे. मळीचे पाणी खड्ड्यात किंवा टाकीत साठून कुजते, तेव्हा हायड्रोजन सल्फाइड वायू तयार होतो. सुरुवातीला सडक्या अंड्यासारखा वास येतो. वायू वाढला की नाकच मरते, वास येईनासा होतो, आणि माणसाला वाटते वायू गेला. तो जागेवर कोसळतो, त्याला काढायला उतरलेला दुसराही कोसळतो. खड्डा, टाकी, टँकरचे पोट साफ करायला शे-दोनशे रुपये जास्त देऊन आपल्याच पोरांना बोलावतात. उतरू नका. दोर, मास्क, पंखा आहे असे सांगितले तरी वायू मोजायचे यंत्र आणि प्रशिक्षित माणूस समोर असल्याशिवाय उतरायचे नाही. आत कुणी पडला तर त्याच्या मागे उडी टाकू नका, बाहेरून दोराने ओढा आणि १०८ ला फोन करा.

वस्तीने काय करायचे

पाण्याला रंग, वास किंवा चव आली की त्याच दिवसापासून ते पिणे आणि स्वयंपाकाला वापरणे बंद करा. भांडी-कपडे चालतील का, हे नंतर पाहू. आधी तान्ही बाळे, गरोदर बाया आणि म्हातारी माणसे यांच्यासाठी दुसऱ्या पाण्याची सोय करा. उताराच्या वरच्या बाजूची विहीर किंवा गावाच्या मुख्य टाकीचे पाणी मागा. जल जीवन मिशनमध्ये माणशी दिवसाला ५५ लिटर पाणी देण्याचे धोरण आहे. वस्तीला वेगळा हातपंप दिला म्हणजे गावाच्या नळावरचा आपला हक्क संपला असे होत नाही.

मग तपासणी. प्रत्येक गावात पाच महिलांना पाणी तपासायचे किट देऊन शिकवायचे, असे जल जीवन मिशनमध्ये ठरलेले आहे. त्या बाया तुमच्या गावात कोण आहेत ते विचारा. त्यांत वस्तीतली एकही नसेल तर ग्रामसभेत नाव सुचवा. किटमधून अंदाज कळतो, पक्का अहवाल प्रयोगशाळेचाच. रासायनिक तपासणी भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या प्रयोगशाळेत होते. ग्रामपंचायतीचा जलसुरक्षक नमुने पाठवतो, त्याच्याकडे आग्रह धरा. बाटली त्याच पाण्याने तीन वेळा विसळून भरायची, वर तारीख, वेळ, ठिकाण लिहायचे. जंतूंच्या तपासणीची बाटली प्रयोगशाळेतूनच निर्जंतुक मिळते, ती विसळायची नाही, आणि थंड ठेवून त्याच दिवशी पोहोचवायची. नायट्रेट, एकूण क्षार, क्लोराइड, लोह, मँगनीज ही नावे अर्जात लिहून द्या. नाहीतर नेहमीच्या दोन-तीन गोष्टी पाहून 'योग्य' असा शिक्का मारला जातो.

नमुना कधी घ्यावा? आमचे म्हणणे असे, की वर्षातून दोनदा तरी घ्या. मार्चमध्ये २० तारखेला आपण चवदार तळ्याचा दिवस पाळतो. तेव्हा गाळप हंगाम संपत आलेला असतो आणि कारखान्याचे खड्डे भरलेले असतात. कार्यक्रमाला माणसे जमतातच, त्याच दिवशी बाटल्या भराव्यात. दुसरा नमुना वर्षावासात, पहिले मोठे पाऊस होऊन गेल्यावर. आषाढी पौर्णिमेपासून विहारात ग्रंथवाचनाला रोज बसणे होते, तेव्हा पाण्याची एक वही विहारातच ठेवा. आज कुठल्या पंपाला कसा रंग, किती घरांत जुलाब, रात्री किती टँकर आले, गाडी नंबर काय, एवढेच लिहायचे. लिहिणारी पोरगी दहावी शिकलेली असली तरी पुरे. दोन महिन्यांची अशी वही पाहिली की साहेबाचा बोलण्याचा सूर बदलतो, हे आम्ही पाहिले आहे.

आपण घेतलेला नमुना आपल्याला कळण्यासाठी असतो. कारवाईला उपयोगी पडतो तो महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अधिकाऱ्याने १९७४ च्या जल कायद्याप्रमाणे रीतसर घेतलेला नमुना. म्हणून मंडळाच्या उपप्रादेशिक कार्यालयात लेखी तक्रार द्या, पोच घ्या, आणि अधिकारी येईल तेव्हा रान, ओढा, विहीर तिन्ही ठिकाणचे नमुने घ्यायला लावा. नुसते विहिरीचे घेतले तर पाणी कुठून आले हे सिद्ध होत नाही. कारखान्याला मंडळाने दिलेले संमतीपत्र मंडळाच्या संकेतस्थळावर पाहायला मिळते. सांडपाण्याचे काय करायचे, हे त्यात लिहिलेले असते. अहवाल देत नसतील तर माहिती अधिकारात अर्ज करा, ३० दिवसांत उत्तर द्यावे लागते. तरीही हलले नाही तर राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणाचे खंडपीठ पुण्यात आहे.

अनुसूचित जातीची माणसे नेहमी वापरतात त्या पाणवठ्याचे पाणी खराब करणे, हा ॲट्रॉसिटी कायद्यात १९८९ पासून स्वतंत्र गुन्हा आहे, आणि २०१५ च्या दुरुस्तीनंतरही तो कलम ३(१) मध्ये कायम आहे. हे ठाऊक असावे. पण वाहून आलेल्या प्रत्येक पाण्याला लगेच हे कलम लावायला धावू नका. पुराव्याशिवाय केस उभी राहिली तर ती पडते, आणि पुढच्या खऱ्या केसलाही बाधा येते. आधी अहवाल हातात घ्या, मग वकिलाला दाखवा.

आता एक अवघड गोष्ट. याच कारखान्यात आपली पोरे रोजंदारीवर आहेत, आपलीच माणसे ऊसतोडीला जातात, टँकरवर ड्रायव्हर म्हणूनही आपलाच कुणी असतो. तक्रारीवर सही करताना हात थरथरतो, ते आम्ही समजू शकतो. कारखाना बंद पडावा असे वस्तीत कुणालाच वाटत नाही. म्हणून अर्ज एकट्याच्या नावाने देऊ नका. महिला मंडळाच्या आणि विहार समितीच्या नावाने, पन्नास-साठ सह्यांनी द्या. मागणी साधी ठेवा: रानात सोडणे थांबवा, आणि तोवर पिण्याचे पाणी द्या. ड्रायव्हरशी भांडू नका, त्याच्या हातात पाइप आहे, निर्णय नाही. आणि आपल्यापैकी कुणाची वतनाची किंवा कुळाची दोन-चार एकर जमीन असेल आणि कुणी फुकट खत म्हणून टँकर देऊ करत असेल, तर पाण्याचा अहवाल मागितल्याशिवाय बांध उघडू नका. तुमच्या रानाखालीही कुणाची तरी विहीर असते.

त्या सोलापूरच्या वस्तीचे पुढे काय झाले, ते सांगतो. नमुन्यात क्षार आणि लोह मर्यादेबाहेर निघाले. हातपंपावर ग्रामपंचायतीने लाल अक्षरांत 'पिण्यास अयोग्य' असे रंगवले. मंडळाचे अधिकारी दोनदा येऊन गेले, पावसाळ्यापासून त्या रानात टँकर दिसलेला नाही, पण दुसरीकडे कुठे जातो का ते कुणी सांगत नाही. दिवाळीनंतर आम्ही पुन्हा गेलो तेव्हा आजींनी चहा केला. पाणी गावातल्या टाकीवरून आणलेले होते. नळजोडणी अजून झालेली नाही, सून रोज चार हंडे डोक्यावरून आणते.